दाढी, छाती, हात, पाय: एका ट्रान्स स्त्रीने केस काढण्याची पद्धत कशी निवडली

ही नोंद रेवतीच्या परवानगीने लिहिली आहे. तिचं नाव, गाव आणि नोकरीचे तपशील बदलले आहेत. उपचारांचा क्रम, यंत्रं आणि खर्च मात्र घडले तसेच ठेवले आहेत. मी पुण्यात ट्रान्स व्यक्तींसोबत समुपदेशक म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्या ट्रान्स स्त्रिया शस्त्रक्रियेबद्दल, कागदपत्रांबद्दल बऱ्याच उशिरा विचारतात. केसांचा विषय पहिल्या-दुसऱ्या भेटीतच निघतो. आणि पैसे, कातडी, वर्षं सगळ्यात जास्त वाया जातात तीही इथेच. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

रेवती पहिल्यांदा आली तेव्हा २६ वर्षांची होती. मूळची सातारा जिल्ह्यातली. वडील नाहीत, आई शेती बघते. रेवती चिंचवडजवळच्या एका गोदामात स्टॉकचा हिशेब ठेवायची. हातात पगार २४ हजार. त्यातले ६ हजार गावी जायचे, खोलीचं भाडं मैत्रिणीसोबत निम्मं-निम्मं. कामाच्या ठिकाणी ती पुरुषाच्या नावाने वावरत होती. एचआरमधल्या एका बाईंना तेवढं खरं सांगून ठेवलं होतं, आणि १ जानेवारी २०२४ पासून रेवती म्हणूनच कामावर यायचं असं दोघींचं ठरलं होतं. ही तारीख पुढच्या प्रत्येक निर्णयात मधे येत राहिली.

केस वडिलांच्या अंगावर गेलेले. दाढी दाट, छातीवर आणि पोटावर भरपूर, हातापायांवर काळे राठ, खांद्यांवर नुसती लव. रंग सावळा; त्वचारोगतज्ज्ञ वापरतात त्या फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर (पहिला सगळ्यात गोरा, सहावा सगळ्यात काळा) पाचवा प्रकार. सकाळी घरी एकदा रेझर, दुपारी जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या बाथरूममध्ये पुन्हा एकदा, तरी संध्याकाळी हनुवटीवर निळसर सावली उठायचीच. मे महिन्यातही अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट.

आमच्याकडे येण्याआधी तिने बरंच करून पाहिलं होतं. ट्रान्स स्त्रियांच्या जमातीतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने तिच्या हातात चिमटा दिला होता. चिमट्याने दाढी उपटणं ही जमातीतली जुनी रीत आहे आणि कित्येकींनी उभं आयुष्य त्यावरच काढलंय, हे मी आदरानेच सांगते. पण रेवतीच्या हनुवटीवर केस कातडीखालीच वळून वाढायला लागले, पुळ्या आल्या, पुळ्या गेल्या तिथे काळे ठिपके राहिले. ते ठिपके घालवायला तिने मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोरेपणाची ट्यूब आणली आणि ८ महिने रोज रात्री लावली. त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत स्टेरॉइड होतं. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने स्टेरॉइड चोळलं तर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्यांच्या बारीक लाल रेषा दिसू लागतात आणि लावलेल्या जागी केस वाढूही शकतात. म्हणजे ती ज्याच्यापासून सुटका शोधत होती, त्यालाच कदाचित खतपाणी घालत होती.

हार्मोन्सचीही सुरुवात अशीच झाली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून काही महिने गर्भनिरोधक गोळ्या, मग नोव्हेंबर २०२२ मध्ये एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे, रीतसर तपासणी होऊन एस्ट्रॅडिऑल (स्त्री-हार्मोन) आणि स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणारं औषध). पोटॅशियम, रक्तदाब, हार्मोन्सची पातळी यांवर नियमित लक्ष. ही बाजू मार्गी लागलेली होती आणि पुढे तिचा फार उपयोग झाला.

अडचण

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका ब्युटी पार्लरची जाहिरात तिच्या मोबाइलवर आली. फुल बॉडी लेझर, ८ सिटिंग, ४५ हजार, हप्त्याने. तिने १५ हजार भरले, उरलेल्याचा ईएमआय बसला. पहिल्या सिटिंगला दोन्ही हातांना कोपरापासून मनगटापर्यंत भूल देणारं मलम थापून वर प्लास्टिक गुंडाळलं आणि तासाभराने यंत्र फिरवलं. त्याआधी कातडीच्या छोट्या तुकड्यावर चाचणी घेतली नाही. कुठली औषधं चालू आहेत हे विचारलं नाही.

ते यंत्र लेझर नव्हतंच, आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट), म्हणजे प्रखर प्रकाशाचे झोत सोडणारं यंत्र होतं. दोन दिवसांनी हातांवर काडेपेटीएवढ्या आयताकृती डागांची रांग उमटली. यंत्राचं तोंड जिथे जिथे टेकलं, तिथे तिथे एक डाग. डाव्या हातावर जत्रेत मशीनने गोंदून घेतलेलं ‘आई’ होतं. त्या अक्षरांवर मोठे फोड आले. पार्लरमध्ये विचारलं तर, ‘थोडं लाल होतंच, पुढच्या सिटिंगला सवय होईल.’

मार्चमध्ये ती आमच्याकडे आली तेव्हा फोड वाळले होते, डाग काळे पडले होते. तिचा प्रश्न सरळ होता. ‘ताई, पैसे भरलेत तर पूर्ण करू का सोडून देऊ? का सगळं सोडून इलेक्ट्रोलिसिस करू? ते परमनंट असतं म्हणतात.’

त्या प्रश्नात खरे प्रश्न तीन-चार होते. आरशात दिसणारी दाढी सहन होत नव्हती. जानेवारीची तारीख गाठायची होती. शिल्लक जेमतेम ३० हजार होती, त्यातही ईएमआय डोक्यावर. शिवाय भाजलेल्या हातांमुळे कुठल्याही यंत्राची धास्ती बसली होती. असं सगळं एकदम अंगावर आलं की माणूस एकच मोठा उपाय शोधतो, पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत सगळं एकदाच मिटवणारा. पार्लरचं पॅकेज नेमकं त्यावरच विकलं जातं.

समोर असलेले पर्याय

आम्ही त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आणि त्याआधी दोन बैठकांमध्ये सगळे पर्याय कागदावर मांडले. काहीच न करणं हाही एक पर्याय मी आवर्जून लिहायला लावते. अंगावर केस असलेल्या बायका काही कमी नाहीत, आणि केस काढले नाहीत म्हणून कुणाचं स्त्री असणं उणं होत नाही. रेवतीने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, ‘पायांचं चालेल. दाढीचं नाही.’ माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय तोच होता, कारण तिथून पुढे आम्ही अंगभर केसांबद्दल बोलणं सोडलं आणि एकेका भागाबद्दल बोलायला लागलो.

रेझर आणि ट्रिमर स्वस्त आणि सुरक्षित. रेझरने केस जाड किंवा दाट होत नाहीत. टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला राठ लागतात, इतकंच. केस काढायच्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट केसातलं केराटिन विरघळवतं. पायांना ठीक, पण स्टेरॉइडने पातळ झालेल्या चेहऱ्याला अजिबात नाही. वॅक्सिंग मुळापासून केस ओढतं, तीन-चार आठवडे सुटका होते. एक मोठी अट मात्र आहे. लेझरला कातडीखाली केसाचं मूळ जागेवर लागतं. ज्या भागावर लेझर करायचं, तिथे चार ते सहा आठवडे आधीपासून वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद. रेझर चालतो, किंबहुना लेझरच्या आदल्या दिवशी रेझरच फिरवायचा असतो.

लेझर कसं काम करतं हे तिला नीट समजावं असं मला वाटत होतं, कारण हात का भाजला याचं उत्तर त्यातच होतं. केसातल्या मेलॅनिनने, म्हणजे काळा रंग देणाऱ्या द्रव्याने, प्रकाश शोषायचा, तापायचं आणि मुळाला इजा करायची, हे त्यामागचं तत्त्व. मेलॅनिन कातडीतही असतं. सावळ्या कातडीत जास्त. प्रकाशाची तरंगलांबी कमी असेल तर तो वरच्या थरातच जास्त शोषला जातो आणि कातडी भाजते. अलेक्झांड्राइट लेझर ७५५ नॅनोमीटरवर चालतं, डायोड साधारण ८१० वर, एनडी-याग १०६४ वर. हे शेवटचं वरच्या थरातल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकून खोलवर जातं, म्हणून पाचव्या-सहाव्या प्रकारच्या त्वचेला ते सगळ्यात सुरक्षित समजलं जातं. आयपीएल एकाच तरंगलांबीचं नसतंच. अनेक तरंगलांब्यांचा पसरट झोत असतो. गोऱ्या कातडीवर काळ्या केसांसाठी ते चालून जातं. सावळ्या कातडीवर, चाचणीशिवाय आणि वर गोंदणावरून ते फिरवलं की काय होतं, ते रेवतीच्या हातावर दिसत होतं. गोंदणाची शाई प्रकाश आणखी जोरात शोषते. कुठलंही लेझर असो, केस काढताना गोंदण झाकून वगळायचंच असतं.

एनडी-यागची उणी बाजूही तिला सांगितली. दुखतं जास्त. बारीक, फिकट केसांवर फारसं चालत नाही. पांढऱ्या केसांवर कुठलंच लेझर चालत नाही, कारण शोषायला मेलॅनिनच नसतं. शिवाय एका वेळी सगळे केस वाढीच्या टप्प्यात नसतात, म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ किंवा त्याहून जास्त सिटिंग लागतात.

इलेक्ट्रोलिसिसमध्ये प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडतात. सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १८७५ मध्ये ही पद्धत मांडली, डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी. केस काळा असो, पांढरा असो, त्वचा कुठल्याही रंगाची असो, ती चालते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या लेखी कायमचे केस काढणारी पद्धत हीच. लेझरला ते फक्त कायमची घट म्हणू देतात. रेवतीने ऐकलं होतं ते खरंच होतं. पण सुई एकेका केसाला लावायची असते. दाट दाढीला शंभराहून जास्त तास लागू शकतात. तिला मिळालेला दर तासाला १,८०० रुपये होता. शिवाय सुई लावणाऱ्याला केस दिसावा लागतो, म्हणजे दोन-तीन दिवस दाढी वाढू द्यायची. दिवसातून दोनदा दाढी करणाऱ्या मुलीला हे सांगणं किती जड जातं, ते समोर बसल्याशिवाय कळत नाही. ती बराच वेळ गप्प होती.

राहिले हार्मोन्स. हार्मोन्सच्या डॉक्टरांची संघटना असलेल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अंगावरचे राठ केस कमी व्हायला ६ ते १२ महिन्यांत सुरुवात होते आणि पूर्ण परिणाम दिसायला तीन वर्षांहून जास्त काळ लागू शकतो. दाढी मात्र हार्मोन्सने जात नाही, फार तर वाढ थोडी मंदावते. हातावरच्या केसांसाठी तिने घाई करायची गरज नव्हती. तिथे औषध आपलं काम करणारच होतं. दाढीसाठी वाट बघण्यात काही अर्थ नव्हता. हे दोन्ही एकाच पॅकेजमध्ये कोंबणं म्हणजे एका ठिकाणी पैसे फुकट घालवणं.

निर्णय कसे होत गेले

पहिला निर्णय काही न करण्याचा होता, आणि तो डॉक्टरांचा होता. त्यांनी चेहऱ्याची कातडी बघितली, ट्यूबचं रिकामं खोकं मागवून वाचलं आणि म्हणाल्या, ‘ही आधी बंद. दोन महिने तुमच्या चेहऱ्याला मी यंत्र लावणार नाही.’ रेवती रडली. जानेवारी जवळ येत होती आणि त्यातले दोन महिने नुसते जाणार होते. तिथल्या तिथे लेझर करून देणारे क्लिनिक तिला सहज मिळालं असतं, आणि तिने ते मला स्पष्ट विचारलंही. मी तिला इतकंच म्हटलं की जानेवारीत चेहरा कसा हवा, हे डोळ्यांसमोर आणून मग ठरव. ती थांबली. त्या दोन महिन्यांत हातांच्या डागांवर उपचार, सनस्क्रीन, चिमटा पूर्ण बंद आणि दाढीसाठी चांगल्या धारेचा रेझर, केस वाढतात त्याच दिशेने, एवढंच चाललं.

दुसरा निर्णय कागदावर झाला. तिने एका बाईचं ओबडधोबड चित्र काढलं आणि प्रत्येक भागावर दोन आकडे लिहिले: तिथल्या केसांचा मला त्रास किती, आणि तो भाग लोकांना दिसतो किती. दाढीला दोन्ही आकडे सगळ्यात मोठे. छातीला त्रास मोठा, दिसणं लहान. हातांना दिसणं मोठं, त्रास मधला. पायांना दोन्ही लहान. पाठीचा विचार केल्यावर हसून म्हणाली, ‘ती मला दिसतच नाही.’ या चित्रावरून क्रम आपोआप ठरला. आधी चेहरा, मग पैसे उरले तर छाती. हात-पाय वॅक्स आणि हार्मोन्सवर. खांद्यांवरच्या लवेला हात लावायचा नाही. हे शेवटचं डॉक्टरांनी घातलं, कारण बारीक लवेवर लेझर मारलं तर काही जणांमध्ये उलट तिथे जाड केस येतात. सावळ्या त्वचेत आणि हार्मोन्सची गडबड असलेल्यांमध्ये हे जास्त पाहण्यात आलंय.

तिसरा निर्णय पार्लरच्या पैशांचा. १५ हजार गेले म्हणून पुढचे ३० हजार घालायचे नाहीत, हे पटायला तिला वेळ लागला. भाजलेल्या हातांचे तारखेसह फोटो आणि डॉक्टरांचा कागद जोडून आम्ही लेखी अर्ज दिला. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत, ईएमआय मात्र रद्द झाला.

चौथ्या निर्णयाचा तिने विचारच केला नव्हता. पुढे कधी योनीनिर्मितीची शस्त्रक्रिया करायची आहे का? ज्या तंत्रात शिश्न आणि अंडकोशाची कातडी आत वळवतात, त्यात त्या कातडीवरचे केस आधी कायमचे काढावे लागतात. नाहीतर ते आत वाढतात, स्राव आणि संसर्गाचा त्रास होतो. ते केस काढायला महिनोन्‌महिने लागतात. कुठल्या भागातले काढायचे, हे तंत्रावर आणि सर्जनवर अवलंबून असतं. रेवतीचं अजून काही ठरलं नव्हतं. म्हणून तो भाग आम्ही मोकळाच ठेवला. फाइलमध्ये एक ओळ लिहिली: सर्जनशी बोलल्याशिवाय इथे काहीही सुरू करायचं नाही, आणि शस्त्रक्रियेचं मनात आलं की पहिला प्रश्न केसांचा विचारायचा.

विम्याचा दरवाजाही ठोठावून पाहिला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या १५ व्या कलमात सरकारने करायच्या विमा तरतुदींमध्ये शस्त्रक्रिया आणि हार्मोन्सबरोबर लेझर उपचाराचंही नाव आहे. कंपनीच्या गट विम्याकडून उत्तर आलं की हा सौंदर्योपचार आहे. ज्या मुलीला दाढीच्या सावलीपायी बसमध्ये टोमणे खावे लागतात, तिच्या बाबतीत तो शब्द वाचून मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

प्रत्यक्ष उपचार

मेच्या मध्यात जबड्याच्या कडेला, कानाखाली, तीन छोट्या चौकोनांवर एनडी-यागची चाचणी झाली, तिन्हींना वेगळी तीव्रता. दोन आठवडे वाट पाहिली. सगळ्यात जास्त तीव्रतेच्या चौकोनात हलका डाग राहिला, म्हणून मधली तीव्रता ठरली. भाजल्यानंतर यंत्राची जी धास्ती होती, ती या चौकोनांनी कमी केली असं रेवती म्हणते. आपल्याला विचारून, थोडं थोडं करून बघतंय कुणीतरी, हे तिला पहिल्यांदा अनुभवायला मिळालं.

पहिली सिटिंग जूनमध्ये. जळक्या केसांचा वास, वरच्या ओठावर डोळ्यांतून पाणी येईल असा चटका. भूल देणारं मलम फक्त ओठ आणि हनुवटीपुरतं, मोजून. मोठ्या भागावर जाड थर देऊन प्लास्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात जाऊन जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी तिला पार्लरचा अनुभव ऐकून बजावलं. प्रत्येक सिटिंगला ३,५०० रुपये. ऊन टाळायचं होतं आणि ती दुचाकीवरून कामाला जायची. पुण्यातल्या मुली गाडीवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळतात, तसा तिनेही गुंडाळायला सुरुवात केली. ऊनही अडलं आणि सिटिंगनंतरच्या आठवड्यात दिसणारे खुंटही झाकले गेले.

त्या खुंटांबद्दल आधी सांगून ठेवलं होतं ते बरं झालं. लेझरनंतर एक ते तीन आठवडे केस वाढल्यासारखे दिसतात. खरं तर ते बाहेर पडत असतात. मग काही आठवडे चेहरा स्वच्छ राहतो. हे कळल्यावर तिने तारखा स्वतः लावायला घेतल्या. १९ सप्टेंबरला गणपती बसणार होते आणि तिला गावी जायचं होतं, म्हणून सिटिंग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घेतली. गौरीच्या कामांत आईने दोनदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काही औषध चाललंय का तुझं?’ रेवतीने हो म्हटलं. त्या वेळी बोलणं तेवढ्यावर थांबलं.

हात-पायांच्या वॅक्सची अडचण वेगळीच निघाली. ‘फक्त महिलांसाठी’ लिहिलेल्या दोन पार्लरांनी दारातूनच परत पाठवलं. पुरुषांच्या सलूनमध्ये वॅक्स करून देत होते, पण तिथे तासभर ‘भाऊ, भाऊ’ ऐकत बसणं तिला नको होतं. शेवटी ब्युटी पार्लरचा कोर्स करणारी मावसबहीण घरी येऊन करू लागली. डाव्या हाताच्या भाजलेल्या भागावर सहा महिने वॅक्सही बंद होतं, तिथे ट्रिमर.

परिणाम

डिसेंबर २०२३ पर्यंत चेहऱ्याच्या सहा सिटिंग झाल्या. निळसर सावली जवळजवळ गेली. वरचा ओठ आणि हनुवटीचा मधला भाग हट्टी राहिला, गालांवर चार-पाच दिवसांनी रेझर पुरू लागला. जानेवारीत ती ठरल्याप्रमाणे रेवती म्हणून कामावर गेली. पहिल्या दिवशी हलकं कन्सिलर लावलं होतं. ‘पण नसतं लावलं तरी चाललं असतं,’ असं तिने संध्याकाळी फोनवर सांगितलं. गोदामातली बोलणी, कुजबुज हा वेगळा विषय, तो इथे घेत नाही.

२०२४ मध्ये अंतर वाढवत आणखी दोन सिटिंग झाल्या, आणि छातीच्या चार, प्रत्येकी ३ हजारांनी. एप्रिलपासून हनुवटीवरचे उरलेले आणि ओठाच्या कोपऱ्यातले दोन-चार पांढरे केस इलेक्ट्रोलिसिसने काढायला घेतले. आता सुईला काम थोडं होतं. एका बैठकीला अर्धा तास पुरायचा आणि वाढवायचे केस इतके विरळ होते की दोन दिवस रेझर न लावता ती कामावर जाऊ शकत होती. वर्षभरापूर्वी हाच उपाय सुरुवातीला घेतला असता, तर तो पैशानेही झेपला नसता आणि मनानेही.

हार्मोन्सनी दीड-दोन वर्षांत हातावरचे आणि पोटावरचे केस चांगलेच विरळ केले. पाय तसेच आहेत. थंडीत ती ते तसेच सोडून देते. हातावरचे आयताकृती डाग फिके व्हायला वर्ष लागलं. ‘आई’मधल्या दुसऱ्या अक्षरावर चट्टा राहिला आहे. चेहऱ्यावर सगळा मिळून लेझरचा खर्च २८ हजार झाला, म्हणजे पार्लरच्या पॅकेजहून कमी.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, हार्मोन्स सुरू झाले त्याच दिवशी केसांचं बोलणं व्हायला हवं होतं. एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या खोलीत रक्त, हाडं, रक्तदाब सगळं विचारलं गेलं. दाढी हार्मोन्सने जाणार नाही, हे एक वाक्य तिथे कुणी सांगितलं असतं तर तिने नोव्हेंबरातच त्वचारोगतज्ज्ञ गाठले असते, फेब्रुवारीतली जाहिरात तिच्यासाठी नुसती जाहिरात राहिली असती. आता आम्ही आमच्याकडून डॉक्टरांना जी चिठ्ठी देतो, तिच्यात हा मुद्दा लिहितो.

छातीवर लेझर जरा लवकर झालं असं मला वाटतं. हार्मोन्सला तिथे आणखी वर्षभर दिलं असतं तर कदाचित दोन सिटिंग वाचल्या असत्या. रेवतीला हे मान्य नाही. छातीचा त्रास तिने चित्रात मोठा लिहिला होता आणि तो तिला वर्षभर आधी संपवायचा होता. ६ हजार त्यासाठी जास्त नाहीत, असं ती म्हणते. शरीर तिचं आहे, हिशेबही तिचाच.

इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्या बाईंशी सुरुवातीलाच एक भेट ठरवता आली असती, उपचारासाठी नव्हे, नुसती ओळख म्हणून. एप्रिलमध्ये वेळ मिळायला बरेच आठवडे गेले, कारण सावकाश आणि नीट काम करणारे हात शहरात मोजकेच आहेत आणि त्यांच्याकडे रांग असते.

आणि पार्लरमध्ये पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न तिला कुणी लिहून दिले नव्हते. आता ती स्वतः नव्याने येणाऱ्या मुलींना ते सांगते. यंत्राचं नाव काय आणि तरंगलांबी किती. माझ्यासारख्या रंगावर ते आधी कुणी वापरलंय का. चाचणी करणार का, आणि चाचणीनंतर किती दिवस थांबणार. भाजलं तर बघायला डॉक्टर कोण. गोंदणाचं काय करणार. शेवटचा प्रश्न विचारताना ती बाही वर करून हात दाखवते.